भिंतीवरून उडी मारायला लावणारे सूप

चिनी लोकांचे एक सूप आहे. त्याचे नाव ऐकून कोणाही बौद्ध माणसाच्या कपाळाला आठी पडल्याशिवाय राहणार नाही. ‘फो थ्याव छ्यांग’ हे ते नाव. ‘फो’ म्हणजे बुद्ध, ‘थ्याव’ म्हणजे उडी मारणे आणि ‘छ्यांग’ म्हणजे भिंत. हंडीचे झाकण निघताच असा काही वास सुटतो, की ध्यानाला बसलेला बुद्धदेखील आसन सोडून भिंतीवरून उडी मारून येईल, असा त्या नावाचा भावार्थ. मोठमोठ्या चिनी हॉटेलांत हे सूप वाटीवाटीने मोजून देतात, आणि त्या एका वाटीच्या पैशात आपल्या घरचा आठवड्याचा बाजार व्हावा. समुद्रातले जे जे महाग ते ते या हंडीत पडते म्हणून ही किंमत.

भगिनींनो, या पानावर आम्ही आजवर पिठल्यापासून पुरणापर्यंत पुष्कळ पदार्थ दिले. मग हे परदेशी श्रीमंती सूप कशाला, असे आपण विचाराल. कारण असे, की या सूपाचे रहस्य ज्या वस्तूत दडलेले आहे ती वस्तू आपल्या घराघरांत पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवलेली असते. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून तो डबा आपण खिडकी लावून मग उघडतो. त्या डब्याकडे आम्ही पुढे येऊच. आधी या नावाचे काय करायचे ते पाहू.

हा पदार्थ आग्नेय चीनमधील फुजियान प्रांतातला, फुझौ या बंदराच्या शहरातला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, चिंग राजघराण्याच्या अखेरच्या काळातली ही गोष्ट म्हणून सांगतात. फुझौच्या सरकारी टांकसाळीवरच्या एका अंमलदाराने आपल्या वरिष्ठाला मेजवानी दिली. अंमलदाराची बायको शाओशिंग गावची. शाओशिंग हे तांदळाच्या दारूबद्दल प्रसिद्ध. त्या बाईने दारूच्या रिकाम्या मातीच्या रांजणात कोंबडी, बदक, डुकराचे मांस आणि समुद्रातले काही जिन्नस घालून तोंड बंद करून मंद विस्तवावर शिजवले. वरिष्ठ साहेब इतके खूश झाले की त्यांनी आपला आचारी झेंग चुनफा याला ती कृती शिकायला पाठवले. या झेंगने मांस कमी केले, समुद्रातले जिन्नस वाढवले आणि पुढे जू चुन युआन या खानावळीत हा पदार्थ नावारूपाला आणला. ती खानावळ फुझौमध्ये अजून चालते, आणि तिथल्या या पाककृतीला चीन सरकारने २००८ साली राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातले. म्हणजे मूळ कल्पना एका घरच्या बाईची, आणि नाव झाले आचाऱ्याचे. हे काही चीनपुरतेच नाही.

या पदार्थाचे पहिले नाव मात्र वेगळे होते असे सांगतात. ‘फु शोउ छ्वान’, म्हणजे सुख आणि दीर्घायुष्य, दोन्ही भरभरून. फुझौच्या बोलीत या शब्दांचा उच्चार ‘फो थ्याव छ्यांग’च्या जवळ जातो. त्यात कोणा पाहुण्या पंडिताने जेवता जेवता बुद्धाच्या उडीवर कविता रचली, आणि मग तेच नाव चिकटले. ‘फो’ म्हणजे इथे खुद्द बुद्ध नव्हे, एखादा भिक्षु, अशी सारवासारव काही जण करतात. पण चीनमधला महायानी भिक्षुसंघ सहाव्या शतकापासून, लियांग घराण्याच्या वू सम्राटाच्या काळापासून, कडक शाकाहारी. त्यामुळे उडी बुद्धाने मारली काय किंवा भिक्षुने मारली काय, विनोद शीलाचाच होतो.

दक्षिण कोरियातल्या बौद्धांना हा विनोद मुळीच मानवला नाही. १९८० नंतरच्या दशकात सोल शहरातल्या एका बड्या हॉटेलाने हे सूप आणले, तेव्हा तिथल्या भिक्षुंच्या जोग्ये संप्रदायाने १९८९ साली त्याला उघड विरोध केला. पदार्थ काही काळ मागे पडला. पण विरोधाच्या बातम्यांमुळेच लोकांना कुतूहल वाटले आणि तो अधिकच खपू लागला. जाहिरात कशी होते पहा!

आमचे मत आम्ही स्पष्टच सांगतो. हे नाव आपल्या ताटापाशी नको. यात रागावण्यासारखे जेवढे आहे त्यापेक्षा चुकीचे अधिक आहे. सिद्धार्थ गौतम कोणत्याही भिंतीवरून उडी मारून, चोरून कुठे गेला नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्ध पेटू नये म्हणून, आईबापांची संमती घेऊन, उजळ माथ्याने त्याने घर सोडले, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले आहे. तेव्हा या सूपाला जुनेच नाव बरे. सुख आणि दीर्घायुष्य कोणाला नको? आमच्या घरात आम्ही याला नुसते ‘समुद्राची हंडी’ म्हणतो, आणि पुढे तेच नाव वापरतो.

श्रीमंतांच्या रांजणात काय असते?

मूळ हंडीत तीसच्या आसपास जिन्नस पडतात. शार्क माशाचे पर, अबालोनी नावाचा एक मोठा शिंपला, समुद्रकाकडी, माशाचा फुगा, सुकवलेले स्कॅलॉप शिंपले, कबुतराची किंवा लाव्याची अंडी, कोंबडी, बदक, डुकराचे पाय, सुकवलेले मशरूम, बांबूचे कोंब आणि भरपूर शाओशिंग दारू. सुके जिन्नस एक दोन दिवस आधी भिजत पडतात, मग प्रत्येक जिन्नस वेगळा शिजतो आणि शेवटी सगळे थराथराने रांजणात रचून, तोंडाला कमळाचे पान बांधून, तासन् तास मंद आचेवर ठेवतात.

यातले काही जिन्नस आपल्याला परवडत नाहीत. काही असे आहेत की परवडले तरी घेऊ नयेत, आणि ते आधी बाजूला काढू.

शार्क म्हणजे आपली मुशी, मालवणकडे जिला मोरी म्हणतात. किनाऱ्यावरचे लोक लहान मोरीचे कालवण करतात, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पराचा व्यापार मात्र वेगळा आहे. मोठे शार्क पकडायचे, पर कापायचे आणि मांसाला भाव नाही म्हणून धड पुन्हा समुद्रात फेकायचे, असा प्रकार जगभर चालत आला. पुष्कळदा तो मासा तेव्हा जिवंत असतो. पराशिवाय त्याला पोहता येत नाही आणि तो तळाशी जाऊन तडफडून मरतो. बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात गरजेसाठी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत फरक केला आहे. भुकेल्या घरात मासा शिजणे ही एक गोष्ट. वाटीभर सूपात चार तंतू दिसावेत म्हणून अख्खा मासा वाया घालवणे ही दुसरी. आणि गंमत अशी, की त्या पराला स्वतःची चव जवळजवळ नसतेच! चव सगळी सूपाची. पर म्हणजे नुसत्या शेवया. शिवाय मोठ्या शार्कच्या अंगात पारा साठतो, तो खाणाऱ्याच्या पोटात जातो. भारत सरकारने २०१३ साली पर कापून धड फेकण्यावर बंदी घातली आणि २०१५ साली परांची निर्यात बंद केली. चीनमध्येही सरकारी मेजवान्यांतून पर गेले, आणि बास्केटबॉलपटू याओ मिंग याने २००६ पासून या सूपाविरुद्ध मोहीम चालवली. हवे कशाला ते मग?

समुद्रकाकडी ही काकडी नव्हे, समुद्राच्या तळाशी सरपटणारा प्राणी आहे. आपल्या देशात २००१ सालापासून तिला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कोणी चोरून आणून देतो म्हणाला तरी नाही म्हणावे. अबालोनी तर आपल्या बाजारात येतच नाही.

माशाच्या फुग्याची गोष्ट मात्र आपल्या अगदी जवळची. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्यामुळे तो पाण्यात वरखाली तरंगतो. आपले कोळी बांधव तिला बोत म्हणतात. घोळ माशाचा बोत सुकवून हाँगकाँग, सिंगापूरकडे जातो आणि तिथे त्याला सोन्यासारखा भाव येतो. २०२१ सालच्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात एकाच फेरीत १५७ घोळ सापडले आणि ते सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना गेले, ही बातमी पुष्कळांना आठवत असेल. तो भाव माशाच्या मांसाला नव्हता, या पिशवीला होता. सूपात ती शिजून मऊ, चिकट होते, कारण तिच्यात कोलॅजन हे प्रथिन भरपूर असते. आता हेच कोलॅजन कोंबडीच्या पायातही भरपूर असते! आणि कोंबडीचे पाय खाटीक किती स्वस्त देतो ते आपणाला ठाऊकच आहे.

आता तो पत्र्याचा डबा

एवढे सगळे वाचून आपल्या लक्षात एक गोष्ट आली असेल. या हंडीतल्या महाग वस्तू बहुतेक सुकवलेल्या आहेत. ताज्या नाहीत. सुकवलेले शिंपले, सुकवलेला फुगा, सुकवलेले मशरूम. चिनी माणूस सुके म्हणून कमी मानत नाही. उलट सुक्याला ताज्याच्या कितीतरी पट पैसे मोजतो. फुझौ आणि हाँगकाँगमध्ये सुक्या समुद्री मालाच्या मोठाल्या पेढ्या आहेत, काचेच्या बरण्यांतून माल मांडलेला असतो, आणि लग्नात, नव्या वर्षाला तो भेट म्हणून देतात.

आणि आपल्याकडे? सुकट म्हटले की नाक मुरडायचे. कोणी मोठ्या गावात खोली भाड्याने घ्यायला गेले की घरमालक आधी आडनाव विचारतो आणि मग ‘सुके मासे बिसे करत नाही ना?’ असे विचारतो. दुसरा प्रश्न पहिल्याचाच भाऊ आहे हे न कळण्याइतके आपण भोळे नाही. आपली मुलेही शाळेच्या डब्यात सुकट न्यायला लाजतात. आमच्या आजीपणजीने सुकट, बोंबील, सोडे आणि उन्हात वाळवलेल्या चान्या यांच्यावर पावसाळे काढले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात त्या अन्नाची नोंद केली, तेव्हा कुठे ते छापील कागदावर आले. वाळवून चव आटवायची ही विद्या जी फुझौच्या आचाऱ्याची, तीच आपल्या आजीची. एकीला वारसा म्हणतात आणि दुसरीला वास.

यामागे शास्त्र आहे, तेही थोडक्यात सांगतो. १९०८ साली जपानमधले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांपलीकडची पाचवी चव दाखवून दिली. पुढच्याच वर्षी त्याची पावडर बाजारात आली. चायनीजच्या गाडीवरचा अजिनोमोटो तो हाच. पुढे असे आढळले, की सुक्या मासळीत आणि मांसात असणारा एक पदार्थ आणि सुक्या मशरूमात असणारा दुसरा एक पदार्थ या ग्लुटामेटशी एकत्र आले, की चव नुसती बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. फुझौच्या रांजणातल्या श्रीमंतीचे गणित एवढेच आहे. म्हणून आपल्या हंडीत सोडे आणि सुके मशरूम असले की अजिनोमोटो लागत नाही, आणि पर तर नाहीच लागत.

सामान

सहा सात माणसांच्या हिशेबाने सांगतो. रशासाठी कोंबडीचे पाय अर्धा किलो आणि कोंबडीची हाडे अर्धा किलो. डुकराचे मांस घरात चालत असेल तर दोन पाय घ्यावेत. रस्सा फार सुरेख दाट होतो. सोडे ५० ग्रॅम. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. सुके मशरूम आठ दहा. चिनी शिताके मिळाले तर उत्तम, नाहीतर आपल्याकडे धिंगरी अळिंबी वाळवून पुड्यांत विकतात ती घ्यावी. ताजी कोळंबी अर्धा किलो, डोक्यासकट. माकूळ पाव किलो. तिसऱ्यांचा एक वाटा. घोळ, रावस किंवा सुरमईचे चार तुकडे. कोंबडीच्या तंगड्या अर्धा किलो. अळकुड्या पाव किलो. अंडी सहा, किंवा लाव्याची मिळाली तर डझनभर. आले दोन बोटे, कांद्याची पात एक जुडी, मिरी दहा दाणे, सोया सॉस दोन चमचे. बांबूचे कोवळे कोंब मिळाले तर वाटीभर.

अळकुड्या बघून आपण हसू नका. तैवान बेटावर हाच पदार्थ करतात त्यात तळलेल्या अळकुड्या हमखास असतात, आणि रस्सा पिऊन त्या इतक्या लोण्यासारख्या होतात की मुले आधी त्याच वेचून खातात.

सोडे कोळीण मावशीकडून घ्यावेत आणि हातात घेऊन पहावेत. गुलाबीसर, कोरडे, एकमेकांना न चिकटणारे चांगले. नाकाला झोंबणारा वास आला तर घेऊ नयेत. बांबूचे कोंब पावसाळ्यात येतात, विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात. ते कच्चे कधीही वापरू नयेत, त्यात विषारी अंश असतो. बारीक चिरून भरपूर पाण्यात अर्धा तास उकळावेत, पाणी फेकावे आणि पुन्हा एकदा उकळावेत. पण ताजी मासळी आणि ताजे कोंब यांची गाठ जरा कठीणच. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा हिवाळ्यात करणार असाल तर कोंब विसरून जा.

नागपूर, अमरावती, नांदेडकडच्या भगिनींनी समुद्राच्या मासळीसाठी अडून बसू नये. नदीचे झिंगे आणि सोडे एवढ्यावरही हंडी झकास होते. माकूळ आणि तिसऱ्या वगळाव्यात. बर्फात चार दिवस पडलेली मासळी घालण्यापेक्षा न घातलेली बरी.

दारू या हंडीत आपण घालणार नाही. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. शिजताना ती उडून जाते हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही, आणि पूर्ण उडतही नाही. दारूचे काम तिथे वास मारणे आणि किंचित गोडवा देणे एवढेच. ते दोन चमचे आल्याचा रस, एक लहान चमचा व्हिनेगर आणि सुपारीएवढा गूळ करतात. कोकम मात्र घालू नये. रंग आणि चव दोन्ही बदलतात आणि मग ते आपले कालवणच होते.

कृती

आदल्या रात्री मशरूम गार पाण्यात भिजत घालावेत. सोडे सकाळी कोमट पाण्यात अर्धा तास. दोन्हींचे पाणी फेकू नये! सगळी चव त्यात उतरलेली असते. भांडे स्थिर ठेवून रेती खाली बसू द्यावी आणि वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे.

कोंबडीचे पाय स्वच्छ करून नखे छाटावीत. पाय आणि हाडे उकळत्या पाण्यात पाच मिनिटे टाकून ते पाणी ओतून द्यावे आणि नळाखाली धुवावे. फेस आणि काळपट रक्त निघून जाते, रस्सा स्वच्छ होतो. ही पायरी कोणीही गाळू नये. मग कुकरमध्ये तीन लिटर पाणी, निम्मे आले ठेचून, पातीचे पांढरे कांदे आणि मिरी घालून, शिटी झाल्यावर मंद आचेवर तासभर ठेवावे. कुकर लहान असेल तर दोनदा करावे. काठोकाठ भरू नये. मीठ आता घालायचे नाही. चीनमध्ये हेच काम दिवसभर चालते, पण आपला सिलिंडर काही टांकसाळीच्या अंमलदाराने भरलेला नाही. गाळून घेतलेला रस्सा गार झाल्यावर खरवसासारखा थरथरला तर समजावे की काम फत्ते झाले. गाडीवरच्या सूपात कॉर्नफ्लॉवर घालून जो दाटपणा आणतात, तो इथे आपोआप येतो.

कोळंबी सोलून मधला काळा धागा काढावा. डोकी आणि साले चमचाभर तेलावर लाल होईतो परतावीत, लिटरभर पाणी घालून वीस मिनिटे उकळावे, पळीने डोकी चेचावीत आणि गाळावे. वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, कडवट होते. हे केशरी पाणी पहिल्या रशात मिसळावे. ज्या डोक्यांना आपण मांजरापुढे टाकतो त्यांच्यात कोळंबीची निम्मी चव असते.

अळकुड्या उकडून, सोलून, तेलात लालसर तळाव्यात. अंडी उकडून, सोलून, त्याच तेलात फिरवावीत, म्हणजे अंगाला सोनेरी कातडी येते आणि रशात फुटत नाहीत. कोंबडीचे तुकडे सोया सॉस लावून किंचित परतावेत.

आता हंडी. जाड बुडाचे पातेले चालेल, पण घरात वापरात मुरलेले मातीचे मडके असेल तर तेच घ्यावे आणि खाली तवा ठेवावा. तळाला अळकुड्या आणि कोंब, त्यावर कोंबडी, त्यावर मशरूम आणि सोडे, सर्वांत वर अंडी. आल्याचा रस, व्हिनेगर, गूळ घालून मशरूमचे आणि सोड्यांचे पाणी ओतावे, मग सगळे बुडेल इतका गरम रस्सा. उरलेला रस्सा बाजूला ठेवावा. वर केळीचे पान, त्यावर झाकण, आणि कडेने कणकेची वळी लिंपावी. आपल्याकडे बिर्याणीला दम देतात तसेच. आच अगदी बारीक, आणि दीड तास हात लावायचा नाही. मधून कुठून थोडी वाफ निघाली तर निघू द्यावी. मोठ्या आचेवर लिंपलेले भांडे ठेवणे धोक्याचे आहे, तेवढे सांभाळावे.

ताजी मासळी अजून आत गेलेली नाही हे आपण पाहिले असेल. पुष्कळजणी इथेच फसतात. मूळ हंडीतले समुद्री जिन्नस सुके असतात, म्हणून ते तासन् तास शिजणे सोसतात. ताजी कोळंबी तितकी शिजवली तर रबर होईल. तेव्हा दीड तासाने कणीक फोडून झाकण काढावे (मुलांना जवळ बोलवावे, तो वास एकदा तरी घ्यायला हवा), राखून ठेवलेला रस्सा उकळून त्यात घालावा आणि आच वाढवावी. आधी माशाचे तुकडे, तीन मिनिटांनी धुतलेल्या तिसऱ्या आणि कोळंबी, आणखी तीन मिनिटांनी माकुळाच्या चकत्या. चकत्या पांढऱ्या होऊन वळल्या की खाली उतरवावे. माकूळ एक तर दोन मिनिटे शिजवावा नाहीतर पाऊण तास. मधल्या वेळेला तो चामड्यासारखा लागतो. ज्या तिसऱ्या उघडल्या नाहीत त्या काढून टाकाव्यात. आता चाखून पहावे आणि मगच मीठ घालावे. सोड्यांचा आणि सोया सॉसचा खारटपणा आधीच उतरलेला असतो, बहुधा मीठ लागतच नाही. रक्तदाबाच्या माणसांनी तर वरून घेऊच नये. कोळंबी, शिंपल्यांनी कोणाच्या अंगावर पित्त उठत असेल, तर त्यांच्यासाठी पहिला कोंबडीचा रस्सा आधीच वेगळा काढून ठेवावा.

ही हंडी एकट्या बाईने करायची नाही, हे आम्ही मुद्दाम लिहितो. अर्धा किलो कोळंबी सोलणे आणि माकूळ साफ करणे ही कामे घरातल्या पुरुषांनी करावीत. झेंग चुनफा पुरुषच होता.

उपोसथाच्या दिवशी किंवा भन्तेजींना भोजनदान असते तेव्हा याचा शाकाहारी प्रकारही करता येतो. चीनमधल्या शाकाहारी खानावळींतून तो मिळतो. दोनतीन प्रकारचे मशरूम, बांबूचे कोंब, कमळाच्या बिया, अळकुड्या आणि तळलेले पनीर किंवा सोयाबीनचे तोफू घ्यावे. रस्सा मशरूमच्या पाण्याचा आणि भाजलेल्या कांदा टोमॅटोचा. त्यात कोलॅजन नसल्याने दाटपणा येत नाही. दोन अळकुड्या कुस्करून घातल्या की भागते.

पोरगी दहावी पास झाली किंवा पोराला नोकरी लागली, की हल्ली सगळ्यांना हॉटेलात जायचे असते. तिथे सहा माणसांनी चिनी सूप मागवून पहावे आणि हा सगळा बाजार करून पहावा, फरक आपण आपणच काढा. वाढताना खोल वाट्या घ्याव्यात, प्रत्येकाच्या वाटीत प्रत्येक जिन्नसाचा एक तरी तुकडा येईल असे पळीने तळापासून काढावे, आणि सोबत साधा मोकळा भात ठेवावा.

उरलेच तर ताजी मासळी त्याच रात्री वेचून संपवावी, आणि नुसता रस्सा गार करून फ्रीजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो थिजलेला असेल. एकदाच खळखळून उकळावा आणि त्यात तांदळाच्या शेवया किंवा रात्रीचा भात घालावा. आमच्या घरात काही जणांना तो पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशीच अधिक आवडतो.